मागच्या रांगेतला चेहरा

फोटोवाल्या काकांचा कॉम्प्युटर भलताच थंड होता. एक फोटो उघडेपर्यंत काकांचा चहा पिऊन व्हायचा आणि गिऱ्हाईक "होतंय, होतंय" ऐकत ताटकळायचं. त्यातलीच एक, बँकेत नोकरी करणारी. तिच्या लग्नाचे फोटो काकांनीच काढले होते. पुढे तिचे वडील गेले. कॅमेरा दिसला की त्या माणसाचा चेहरा लाकडासारखा व्हायचा, त्यामुळे हसरा फोटो म्हणून एकच होता, तोही लग्नातल्या घोळक्यात, मागच्या रांगेत, अगदी कडेला. तेवढाच चेहरा कापून मोठा करून तिला हवा होता. तिच्या मुलाने आजोबांना कधी पाहिलंच नव्हतं.

काका "होईल" म्हणाले होते, आणि ती थाप नव्हती. कॅमेऱ्यातली मूळ फाइल दणदणीत मोठी होती, फक्त चेहरा मोठा करायला घेतला की मशीन मान टाकायचं.

शेवटी त्यांनी मेहुण्याला बोलावलं. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. त्याने रॅम दुप्पट केली, एसएसडी म्हणजे नवी वेगवान डिस्क बसवली आणि विचारलं, "भावोजी, फोटो मी हलवून देऊ?"

"माझं काम मला कळतं. तू आपले स्क्रू पिळ."

काकांनी एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचा फोल्डर जुन्या डिस्कवरून उचलून नव्या डिस्कवर टाकला. उघडून बघतात तर काय, सगळी लग्नं, सगळे वाढदिवस डोळ्यांसमोरून सरासरा पळायला लागले! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. "सगळं आलं! जुनी पुसून टाक," काका म्हणाले. मेहुण्याने पुसली आणि एका गोदामाच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना रेकॉर्डिंगसाठी जोडून टाकली.

काकांनी पहिलं काम तिचंच घेतलं. चेहरा कापला, मोठा करायला सांगितला, तर मशीन म्हणालं, मूळ फाइल सापडत नाही. काकांना हसूच आलं. अरे, समोर दिसतेय की!

समोर दिसत होती ती चिमुकली नक्कल. सॉफ्टवेअर आपल्या फोल्डरमध्ये पटकन दाखवण्यापुरत्या नकला ठेवतं, खरे फोटो शेजारच्या फोल्डरमध्ये असतात. तो काकांनी आणलाच नव्हता. इतकी वर्षं या धंद्यात काढून त्यांना हे माहीत नव्हतं, आणि विचारायची लाज वाटायची.

मेहुणा गोदामात धावला, डिस्क परत आणली, होतं नव्हतं ते सगळं करून बघितलं. पण जुन्या फोटोंवर गोदामाचं रेकॉर्डिंग चढलं होतं; तिच्यातून निघाले फक्त मालाचे ट्रक आणि रिकामं आवार. "विचारलं होतं ना भावोजी," एवढंच तो म्हणाला. काकांना त्याचा रागसुद्धा येईना.

ती आली तेव्हा काकांनी काही लपवलं नाही. तिने विचारलं,

"अल्बममधल्या फोटोवरून नाही होणार?"

"त्यात एका पानावर आठ-आठ फोटो, चेहरा आणखी बारीक आहे गं."

"भिंतीला खिळा ठोकून झालाय, काका." मग म्हणाली, "निघेल तेवढा काढा."

नव्या मशीनने पापणी लवायच्या आत काढून दिला. तळहाताएवढा कागद, त्यावर धूसर चेहरा. तिने तो जवळ धरला, मग हात लांब करून पाहिला.

"हसताहेत ते," ती म्हणाली. "मला माहीत आहे म्हणून दिसतंय. पोराला नाही दिसणार."