वाळवलेली शेपूट

जनावरांच्या डॉक्टर चिवांगाबाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर केलं, तेव्हा नेत्साई समोरच उभी होती. मगरींच्या फार्मवर हौदांत खाणं टाकायचं काम तिचं.

"मांसात जंत आहेत," बाई म्हणाल्या. "कापलेल्या मगरींचे तुकडे न गोठवता परत मगरींना कोणी घातले?"

सगळ्यांनीच घातले होते. कारिबाच्या धरणाची वीज देशभर जाते आणि धरणाच्या उशाशी असलेलं फार्मचं शीतगृह मात्र वीज जाऊन रोज बंद पडतं. मग तुकडे सडायच्या आत हौदात जायचे.

"यापुढे कच्चा तुकडा हौदात जाणार नाही. घरी नेलेलंही खाऊ नका. हे माणसाला काय करतील ते नीट माहीत नाही, पण डुकरातले यांचे भाऊबंद माणसाला आडवं करतात."

"वाळवलेलं चालतं ना, बाई?" नेत्साईनं विचारलं.

"ऊन, मीठ, धूर, कशानंच मरत नाहीत. आतपर्यंत शिजवलं तरच. कोणी खाल्लं असेल तर आजच दवाखाना गाठा, गोळ्या लवकर घेतलेल्या बऱ्या."

शेपटीचे तुकडे सगळेच उघड घरी न्यायचे, नेत्साईनं मात्र लुगड्यात लपवून नेले होते. तिच्या नवऱ्याचं, तापेराचं, देवक मगर. त्या घरात मगरीचं मांस म्हणजे आजोबाचं मांस. पण रोज मक्याच्या पिठाचा सदझा आणि पाला खाऊन पोरांची तोंडं उतरली होती, आणि तिला राहवेना. पट्ट्या कापून, मीठ लावून तिनं छपरामागं वाळवल्या आणि गाईचं म्हणून सांगितलं. काल पोरांनी निखाऱ्यावर जेमतेम शेकून खाल्ल्या. उरलेली पुडी आज तापेरानं होडीवर नेली होती.

पोरांच्या पोटात गेलं ते गेलं. पुडी अजून अडवता आली असती. ती धक्क्याकडे पळत सुटली. जिभेवर एकच वाक्य होतं आणि ते चारचौघांत बोलायचं होतं. जंताची भीती जास्त की देवकाची, तिचं तिलाच कळेना.

कापेंटा मासे पकडणाऱ्या होड्या रात्रभरासाठी निघायच्या बेतात होत्या.

"गार्वे, बायको आली बघ," एक खलाशी तापेराला त्याच्या कुळाच्या, म्हणजे मगरीच्या नावानं हाक मारून हसला. "रात्रीची परवानगी दिली नव्हती वाटतं."

तापेराच्या मांडीवर पुडी उघडी होती. गालात काहीतरी होतं.

"थुंका ते," नेत्साई म्हणाली.

"काय झालं, तिनोच्या आई?" थोरल्याच्या नावानं तिला हाक मारत तापेरानं विचारलं.

"थुंका म्हणते ना! गाईचं नाही. मगरीचं आहे. फार्मवरचं. त्यात जंत निघालेत."

हसणारा खलाशी दोरीकडे बघत राहिला. तापेरानं गालातला तुकडा हातावर काढला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहिलं. नेत्साईनं डोळे मिटून घेतले. आता हात उठेल, निदान शिवी येईल, माहेरी जा म्हणेल. आलं असतं तर तिला बरंच वाटलं असतं.

त्यानं पुडीसकट सगळं होडीच्या चुलीत टाकलं.

"पोरांनी खाल्लं?" त्यानं विचारलं.

तिनं हो म्हणून मान हलवली.

"दोघांनी?"

"धाकट्यानं जास्त. त्याला आवडलं."

तापेरा होडीतून उतरला. देवकाचं त्यानं नावही काढलं नाही. दोरी सोडायला थांबलेल्या सोबत्यांना त्यानं हातानंच जा म्हटलं आणि तो घराच्या दिशेनं चालायला लागला, मग पळायला लागला. नेत्साई त्याच्यामागून पळत होती. एवढ्या वर्षांत त्याला असं घाबरलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.