भरवशाचं देणं

टिक्.

दुपारच्या सामसुमीत सासऱ्यांनी सिलिंडरच्या काट्यावर नखानं टिचकी मारली. लेकीनं झोपेतच कूस बदलली आणि माझ्या मांडीवर पाय टाकला. मी लॅपटॉप तसाच तिरका धरून राहिले. ती झोपली की माझं ऑफिस उघडतं.

"किती आहे, बाबा?"

"पुरे आहे. तू तुझं बघ."

बाबांची उत्तरं हल्ली एका श्वासात मावतील एवढीच असतात. काचेच्या कारखान्यात वाळू दळायच्या खात्यात होते ते, आणि ती वाळू छातीत घेऊनच निवृत्त झाले. त्यांच्यासारखे गावभर आहेत. दर गुरुवारी कारखान्याची गाडी अशा प्रत्येक दारात ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर ठेवते, रिकामा उचलते. करारात याचं एक अक्षर नाही. जुन्या मालकांनी सुरू केलं आणि चालत राहिलं. त्याच कारखान्याचे हिशेब मी बघते.

तीन आठवड्यांपूर्वी कारखान्याच्या नव्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं.

"मॅडम, हे सिलिंडर तुम्ही हिशेबात कंपनीचं देणं म्हणून दाखवलेत. आपण कुठे लिहून दिलंय?"

"लिहून नाही दिलं, सर. पण इतकी वर्षं देतोय. लोक त्यावर विसंबलेत. आता थांबवलं तर आत्ताचे कामगारसुद्धा बिथरतील. न देण्याची वाटच उरलेली नाही, म्हणून हिशेबाचा नियम त्याला देणं म्हणतो. आणि फक्त यंदाचं नाही, ते जगतील तोवरचं."

त्यांचा चेहरा कोराच होता, म्हणून मी घरातलं उदाहरण दिलं. "मी रात्री लेकीसाठी पॅसेजमधला दिवा चालू ठेवते. कबूल कधीच केलं नव्हतं. पण एक दिवस विसरून बघा, घर डोक्यावर घेते."

साहेब मनापासून हसले. "मग दिवा रोज थोडा उशिरा लावायचा. कधी लावायचाच नाही. सवय मोडते, मॅडम. पोरांची मोडते, म्हाताऱ्यांची का नाही मोडणार? विसंबणारं कोणी उरलं नाही, तर देणं कसलं?"

मी उठले. दाराशी पोचले तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या सासऱ्यांची काळजी करू नका. त्यांचं मी बघतो."

बाबांबद्दल मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात गाडी शुक्रवारी आली. त्याच्या पुढच्या आठवड्यात शनिवारी, अंधार पडता पडता. "बंद कुठे केलीय? नादुरुस्त आहे," असं गेटवर सांगत होते. आणि आज साहेबांचा निरोप आला होता: 'प्रथा अनियमित आहे, सबब देणं नाही, एवढी टीप लिहून संध्याकाळपर्यंत पाठवा.' लॅपटॉपवर ती टीप अर्धवट उघडी होती.

खाली हॉर्न वाजला. आज गुरुवारच होता.

ड्रायव्हरदादा सिलिंडर खांद्यावर घेऊन वर आले. नजर वर करेनात.

"खालच्या मजल्यावरच्या फोरमनकाकांना दिला का?"

"ताई, आज एकच पत्ता दिलाय मला."

"सबंध गावात एक?"

"तुमचाच."

बाबांनी नाकातली नळी काढली. "फोरमनला वर आण."

"अहो बाबा..."

"आण म्हटलं ना!"

ड्रायव्हरदादांनी आणि मी फोरमनकाकांना खुर्चीसकट उचलून आणलं. त्यांचे ओठ जांभळट पडले होते. तरी टेकल्या टेकल्या म्हणाले, "काय रे, भट्टीवर माझा चहा ढोसायचास, तो आज फेडतोस होय?"

"गप बस. हवा वाया घालवू नकोस."

दोघं आळीपाळीनं नळी लावू लागले. कोणी बोललं की दुसरा डोळे वटारायचा. लेक उठली होती. डोळे चोळत ती सिलिंडरपाशी उकिडवी बसली.

मी टीप पुसून पुन्हा लिहिली. 'प्रथा जुनी आहे. लोक विसंबून आहेत. देणं आहे.' आणि पाठवायचं बटण दाबलं. पुढच्या गुरुवारी हा पत्ताही गाडीवाल्याकडे नसणार.

मागे पुन्हा टिक् झालं. या वेळी नख लेकीचं होतं.

"आई, काटा तांबड्यात गेला की मग नळी कोणाची?"

दोन्ही म्हातारे एकदमच खिडकीबाहेर बघायला लागले.