सरळ ठोकलेला खुंट

मी ओढ्याकाठचा एक जुना वाळुंज आहे. म्हणजे आता अर्धाच उरलो आहे. मित्रांनो, कुणी हौसेने रोप लावून मला पाणी घातले असेल, असा गैरसमज नको. माझा जन्म मारामारीत झाला.

बांधाच्या भांडणात पाम्फिलने धाकट्या भावाचे, त्रिफूचे नाक फोडले आणि त्याच रक्ताळलेल्या हाताने हद्दीचा खुंट म्हणून मला काठावर ठोकायला घेतले. मी नुकताच तोडलेला ओला दांडा होतो. आमच्या मुरेश नदीच्या खोऱ्यात शेंबडे पोरही सांगेल, की वाळुंजाचा खुंट साल सोलून उलटा ठोकायचा. नाहीतर त्याला पालवी फुटते.

"दादा, उलटा ठोक! फुटेल तो!" त्रिफू नाक दाबून ओरडला.

"तू मला अक्कल शिकवतोस? आता मुद्दाम सरळच ठोकतो, बघ!"

मी फुटलो.

पुढे दर हिवाळ्यात दोघे कुऱ्हाडी घेऊन येत, आपापल्या बाजूने माझे मुंडके छाटत आणि फांद्या टोपल्या विणायला नेत. ईस्टरच्या आधीच्या रविवारी माझ्याच डहाळ्या चर्चमधून मंतरून आणून देवाच्या तसबिरीमागे खोचत. जखमा कुजल्या, मी पोकळ झालो. त्या ढोलीत पिंगळ्यांनी बिऱ्हाड केले आणि दोघांच्याही शेतातले उंदीर, हद्द न विचारता, फाडून खाल्ले. मुळांत पाणमांजर शिरले. बर्फ वितळला की उपाशी मधमाश्या माझ्या फुलोऱ्यावर तुटून पडत. काठ मीच धरून ठेवला होता. पण काठ खचेपर्यंत ते कुणाच्या ध्यानात येत नाही.

मे महिन्यातल्या एका रात्री पिंगळा पाम्फिलच्या घराकडे तोंड करून ओरडला. आमच्याकडे हा मरणाचा सांगावा. सकाळी पाम्फिल यंत्राची करवत घेऊन हजर!

त्रिफू कुऱ्हाड उगारून धावला. "अर्धं झाड माझं आहे! माझ्या अर्ध्यात पिल्लं आहेत!"

"मग तुझं अर्धं ठेव, मुडद्या! मी माझं नेतो."

पाम्फिलने आपल्या बाजूने बुंध्याला करवत लावली. आत पोकळी, वर फांद्यांचा भार. मी कडकडलो.

"दादा, फाटतोय तो! बाजूला हो!"

"तू मला अक्कल..."

मी उभा फाटलो. माझा अर्धा देह पाम्फिलच्या छातीवर कोसळला आणि त्याला ओढ्यात दाबून बसला. त्रिफू रडत, शिव्या देत माझ्यावर घाव घालत राहिला. भावाला मोकळे करीपर्यंत लाल पाणी पुढे निघून गेले होते.

गाव म्हणाले, पिंगळ्याचे बोल खरे झाले. पिंगळा बिचारा बायकोला हाक मारत होता.

दफनानंतर त्रिफूने माझ्या पडलेल्या अर्ध्यातली एक ओली फांदी पाम्फिलच्या बाजूच्या उघड्या काठावर रोवली. साल तशीच ठेवली.

"सरळच ठोकतोय, दादा," तो म्हणाला.

मित्रांनो, वाळुंज लावायला ओला काठ आणि ओली फांदी पुरते. नाक फोडावे लागत नाही. म्हातारे झाड तोडण्याआधी ढोलीत एकदा डोकावा. आणि कुणी 'बाजूला हो' म्हणून ओरडले, तर सख्खा भाऊ असला तरी ऐका.