बारा पाचडोळे

मष्णू बुरूड म्हणजे पिरनवाडीतलं एक तऱ्हेवाईक प्रकरण. त्यानं विणलेलं कोंबड्यांचं डालगं दहा-दहा वर्षं टिकायचं, पण गिऱ्हाइकानं 'हे तुझंच का रं?' असं विचारलं की याचं डोकं फिरायचं. "मग काय तुज्या सासऱ्याचं?" म्हणायचा. आपलं काम लांबून ओळखू आलं पाहिजे, हा त्याचा हट्ट. त्याची बुट्टी, म्हणजे टोपली, कुणी दुसऱ्याच्या नावावर खपवली, तर भर शनिवारच्या बाजारात भांडण ठरलेलं. अशा माणसानं सत्त्याऐंशी साली, शहराच्या कॅम्प भागातल्या एका प्रयोगशाळेत उभं राहून, स्वतःच्या हातचं काम आपलं नाही म्हणून सांगितलं. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पोटची पोरगीही आपली नाही म्हणाला. का म्हणाला, ते सांगतो.

पोरगी म्हणजे जया. एमएस्सी झालेली, आता पीएचडी करत होती. गल्लीला वाटायचं ही सुई टोचणारी डॉक्टर होणार, आणि मष्णूनं तो समज कधी मोडला नाही, कारण खरं काय ते त्यालाही सांगता येत नव्हतं. मेंढ्यांच्या फुप्फुसाला धरणाऱ्या एका विषाणूचा तिचा अभ्यास होता. त्या जातीला रेट्रोव्हायरस म्हणतात, एवढं त्यानं पाठ केलं होतं. कुणी जास्त खोदून विचारलं तर तो तेवढा शब्द तोंडावर फेकायचा आणि कोयत्याला धार लावत बसायचा.

त्या हिवाळ्यात जया घरी आली ती तोंड पाडून. आई यल्लव्वानं भाकरी वाढली, ती तशीच ताटात राहिली. शेवटी मष्णूनंच विचारलं, "काय झालं गं?"

तिनं पिशवीतून फोटो काढले. पुण्याच्या मोठ्या सूक्ष्मदर्शकावर काढलेले, काळेकरडे.

"ह्यो विषाणू, आप्पा. ह्याच्या पोटात त्याच्या वंशाची दोरी असते, आन् दोरीभवती प्रथिनाचं टरफल. टरफलाचे तुकडे हजार-दीड हजार, सगळे एकसारखे. सहा-सहाचं कोंडाळं करून एकमेकाला धरत्यात, असं मला वाटतंय. आता हे बघा, हे टरफल एका अंगाला रुंद, दुसऱ्या अंगाला निमुळतं. आन् दोन्हीकडनं बंद."

"मग?"

"आमचे गाईड हुक्केरी सर म्हणत्यात, हे मोडलेलं हाय. टरफल चेंडूसारखं गोलच असणार, फोटो काढताना चेंगरलं. सहा-सहाच्या जाळीचं असं निमुळतं बंद टरफल हुईतच न्हाय, हुईत असंल तर बांधून दाखव म्हणाले. न्हायतर ते प्रकरण काढून टाकायचं. ते काढलं तर माज्या प्रबंधात उरतंय काय? दोन वर्षं गेली त्यात."

तिनं पुठ्ठ्याचे षटकोन कापून चिकटवून पाहिले होते. सपाट चटईच व्हायची, वळायचं नाव नाही. मष्णूनं फोटो उलटा केला, सुलटा केला, आणि त्याला हसूच आलं. त्याला ते डालग्यासारखं दिसत होतं.

"ह्यात काय अवघड? डालगंच हाय की. फकस्त बूड घालायचं आन् तोंड मिटवायचं."

खानापूरच्या बांबूच्या पातळ कांबट्या काढून तो अंगणात बसला. तीन बाजूंनी कांबट्या एकमेकीत घालत गेला की सहा कोनांचे डोळे पडत जातात. हे जयानं लहानपणापासून पाहिलेलं. पण जिथं वळवायचं तिथं तो एक कांबटी गाळायचा, हे तिनं कधी ध्यानात घेतलं नव्हतं. कांबटी गाळली की तिथं सहाच्या जागी पाच कोनांचा डोळा पडायचा आणि सपाट जाळी आपसूक वाकायची.

"ह्यो पाचडोळा," तो म्हणाला. "चटईत पडला तर काम वाया. पर ह्याच्याबिगर बुट्टीला पोट येत न्हाय."

"किती घालता?"

"मोजतंय कोण? हाताला कळतंय."

जया मात्र मोजायला बसली. प्रत्येक पाचडोळ्याला तिनं तांबडा दोरा बांधला. आधी त्यानं गोल चेंडू केला, त्यात बारा निघाले. मग लांबट केला, दोन्ही टोकांना सहा-सहा. मग फोटोतल्यासारखा निमुळता केला आणि तोंड मिटवलं. शेंड्याला पाच, बुडाला सात. तिनं दोनदा मोजले. आकार कसाही असो, मिटवला की पाचडोळे बाराच. चाळीस वर्षं विणून मष्णूलाही ही गोष्ट ठाऊक नव्हती. कशी असणार? डालग्याला तोंड लागतंच, सगळ्या बाजूंनी मिटवून त्याला करायचं काय होतं.

"आन् त्या इषाणूचं इणतंय कोण?" त्यानं विचारलं.

"कुणीच न्हाय. तुकडे आपले आपण जमत्यात."

मष्णूला हे काही पटेना. कांबट्या आपल्या आपण उठून बुट्टी होऊ लागल्या तर बुरुडानं जायचं कुठं? पण त्याहून वेगळीच गोष्ट त्याच्या मनात घोळत राहिली. "सगळे तुकडे सारखे म्हंतीस. मग कुठल्यानं सहाजणांत बसायचं आन् कुठल्यानं पाचजणांत, हे त्याला सांगतंय कोण?"

"ते अजून कुणाला ठावं न्हाय, आप्पा," ती म्हणाली.

सगळं छान चाललं होतं, पण शेजारच्या यल्लाप्पानं त्यात बिब्बा घातला. यल्लाप्पा हायस्कुलात शिपाई, त्यामुळं परीक्षेतलं सगळं कळतं असा त्याचा तोरा. अंगणातलं बांबूचं टरफल पाहून तो म्हणाला, "मष्णू, परीक्षेचं काम दुसऱ्यानं करून दिलं की ती कॉपी. गेल्या साली एका पोराला त्याच्या मामानं खिडकीतनं उत्तर दिलं. तीन वर्षं बसू दिलं न्हाय त्याला." मष्णू हबकला. जयाला विचारलं असतं तर दोन वाक्यांत निकाल लागला असता, पण विचारायची लाज वाटली. बापाला एवढंही कळत नाही म्हणेल! त्यानं आपल्या आपण ठरवून टाकलं, की हे काम आपलं नाही; आणि बाप म्हटलं की संशय येणार, म्हणून बापही आपण नाही.

सरांना दाखवायच्या दिवशी टरफल डोक्यावर घेऊन तोच कॅम्पात गेला, कारण बसच्या गर्दीत ते चेंगरलं असतं. हुक्केरी सर उंच, करड्या मिशांचे, कमी बोलणारे. त्यांनी टरफल हातात घेऊन फिरवलं.

"कुणी केलं हे?"

जयानं तोंड उघडायच्या आत मष्णू बोलला. "बाईंनीच केलंय, सर. म्या हमाल. ओझं घिऊन आलतो."

"तुम्ही यांचे कोण?"

"कोण न्हाय जी."

जयाचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं बापाकडं पाहिलं, तर बाप भिंतीवरच्या कॅलेंडराकडं बघत उभा. सरांनी एकदा त्याच्याकडं आणि एकदा तिच्याकडं पाहिलं आणि टरफल तिच्यापुढं ठेवलं.

"बाराच का? अकरा घालूनही मिटेल. शेंड्याचा एक पाचडोळा सोड आणि माझ्यासमोर सहाचा कर."

जयानं कांबटी सोडवली, दुसरी घातली, ओढली. ती मोडली. दुसरी घेतली, तीही मोडली, आणि शेंडा फिसकटला. मष्णूला बघवेना. बोललं तर कॉपी सापडणार, आणि गप्प बसावं तर पोरीची दोन वर्षं डोळ्यांदेखत मोडून पडणार. त्यानं मुठी आवळल्या, दात आवळले. पण तिसरी कांबटी करकरली आणि त्याच्या तोंडून निघूनच गेलं.

"तशी वढू नगं गं. आदी वली कर."

मग काय राहिलं? तो खाली मांडी घालून बसला, तांब्यातल्या पाण्यानं कांबटी ओली केली आणि शेंडा पुन्हा विणला, एक डोळा जास्त सहाचा करून. कडा एकमेकींपासून फाकल्या, तोंड उघडं राहिलं.

"बघा, सर. अकरावर मिटत न्हाय. वरचा एक कमी केला तर खाली एक वाढवाय लागतोय. बारा म्हंजे बाराच." आणि मग हात जोडून, "चूक माजी हाय. पोरीनं कॉपी केली न्हाय, म्याच करून दिलं. तिला नापास करू नगा."

सरांना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यांनी टेबलावरचे टाइप केलेले कागद ओढले. "हे प्रकरण हिनं मला सोमवारीच दिलंय. पहिल्या पानावर इंग्रजीत काय लिहिलंय, मराठीत सांगतो. 'ही बांधणी माझे वडील मष्णू, बुरूड, पिरनवाडी, यांच्या हातची आहे. पाचडोळ्याचा नियम मी त्यांच्याकडून शिकले.' मला फक्त नियम तपासायचा होता. तो खरा आहे. प्रकरण राहील."

मष्णूला आत्ता कळलं. कॉपी नव्हती, कुणी धरणार नव्हतं, नाव तर आधीच लिहिलेलं होतं. जया त्याच्याशेजारी जमिनीवर येऊन बसली.

"कॉपीच्या भ्यानं काम माजं म्हणालासा, ते कळलं आप्पा," ती हळू म्हणाली. "पर मला परकी कशाला केलासा?"

त्यानं मोडलेल्या कांबट्या गोळा केल्या. भयंकर वाईट वाटत होतं त्याला, इतकं की पोरीच्या पाठीवर हात ठेवायचंही धाडस होईना.

तेवढ्यात सरांनी शेजारच्या खोलीतल्या दोन प्राध्यापकांना हाक मारून बोलावलं. ते आले, टरफलाभोवती वाकले, आणि त्यातल्या एकानं जमिनीवर बसलेल्या माणसाकडं बघून कानडीत विचारलं, "हे कोण?" सर सांगायला लागले, तोच मष्णू उठून उभा राहिला. त्यानं जयाचं मनगट धरलं.

"म्या मष्णू बुरूड," तो म्हणाला. "हे टरफल म्या इणलंय. आन् ही पोरगी माजी हाय."