गाणं घरी येईपर्यंत

"हे बघा मास्तर, कोट घाला, फेटा बांधा, अत्तर लावा. पन त्यो बाजा आज गळ्यात घालायचा न्हाई," अप्पाराव म्हणाले. "आज तुम्ही नवरीचे बाप हायेत."

"बराबर हाय," कडूबा मास्तर म्हणाले.

गळ्यात बाजा नव्हता, पण बाजा अडकवायचा पट्टा होता. सकाळी अंघोळीनंतर मास्तरांनी तो सवयीनंच घातला होता. कांताबाईनं नवऱ्याच्या गळ्यातून पट्टा काढला, घडी करून कमरेला खोचला आणि व्याह्यांपुढं चहा ठेवला.

अप्पाराव शहागडचे, एसटीत कंडक्टर. माणूस दिलदार, पण या एका गोष्टीवर अडून बसलेला. साखरपुड्यातच त्यांनी सांगून टाकलं होतं, "माझ्या बापानं छप्पन साली धम्म घेतला अन गावकीची हलगी गोदावरीत सोडली. म्हनला, आता कुनाच्या दारात वाजवायचं न्हाई. मंग भरल्या वरातीत माझा व्याहीच वाजवून राह्यला, हे मी लोकाला कसं दाखवू?"

"ती हलगी हुकमावर वाजत व्हती, पाव्हणं," मास्तर म्हणाले होते. "हे मी माझ्या मनानं वाजवतो."

अप्पाराव काही हलले नाहीत. मुलीकडच्यांनी तरी किती ताणायचं? मास्तरांनी शब्द दिला. आम्हा तीर्थपुरीकरांना मात्र तो शब्द बिलकुल पटला नव्हता. गावातल्या पोरीबाळी मास्तरांच्या सॅक्सोफोनवर सासरी गेल्या, आणि त्यांची स्वतःची प्रभावती मुकाट्यानं जायची म्हणजे काय?

त्या बाजाची गोष्ट सांगायला हवी. एक्क्याऐंशी साली कडूबा जालन्यात बियाण्याच्या गोदामात हमाली करायचा. सुट्टी झाली की चर्चजवळच्या एका खोलीबाहेर जाऊन बसायचा. आत सिकंदराबादच्या मिलिटरी बँडातून निवृत्त झालेले पीटर मास्तर जॅझ वाजवत असायचे. एक दिवस त्यांनी या हमालाला आत बोलावलं आणि बाजा हातात दिला. जॅझ हा शब्द आमच्या जिभेवर अजून नीट बसत नाही, पण त्याचा अर्थ सगळ्या गावाला पाठ आहे. कारण मास्तर तो प्रत्येक शिष्याला पीटर मास्तरांच्याच बोलीत सांगतात. "गाना घर को जाताच है रे. फिर सीधे रस्ते से कायकू जाना? चार पहचानवालों के घर चाय पी के जा."

पीटर मास्तर लेकीकडे कायमचे राहायला गेले, तेव्हा आपला बाजा कडूबाला देऊन गेले. कडूबा तो घेऊन गावी आला. चिमुरडी प्रभा त्या आवाजानं आधी रडली आणि मग झोपली. तिला झोपवायला त्यानं एक चाल बसवली. त्या चालीला ना शब्द, ना नाव. पुढं बँड उभा राहिला, बाजारतळावर शिष्य जमू लागले, आणि प्रत्येकाचा पहिला धडा हीच चाल. सगळे तिला प्रभाचं गाणं म्हणतात. बाजाच्या तोंडाशी लावायची पत्ती फाटली की मास्तर शहागडहून गोदावरीकाठचा बोरू आणतात आणि चाकूनं तासून नवी करतात.

मास्तरांना गाणं सरळ वाजवता येत नाही असं नाही, पण त्यांच्यानं राहवत नाही. पिंपळगाव रेणुकाईला नवरदेव मारुतीला निघाला होता. मास्तर सिनेमाच्या गाण्यातून जे बाहेर पडले, ते परत येईचनात. नाचणारे एका पायावर थांबले. नवरदेवाचे मामा घाबरून म्हणाले, "मास्तर, गाणं सांडलं का कुठं?"

"येऊन राह्यलं मामा, वाटंत चहा पिऊन राह्यलं!"

गाणं परत आलं तेव्हा मामांनी आनंदानं फेटा उडवला. प्रभा तेव्हा सहावीत होती. ही गोष्ट ऐकून ती म्हणाली, "आबा, माझ्या लग्नात माझं गाणं वाजवा. अन मी म्हनल्याबिगर घरी आनू नका." मास्तरांनी तिलाही शब्द दिला होता. आता दोन शब्द एकमेकांच्या आडवे आले होते, आणि मास्तर बिचारे त्यात कोट घालून उभे होते.

दुपारी वरात मांडवापाशी आली. सॅक्सोफोन मास्तरांच्या पट्टशिष्याकडे, शिवाजीकडे होता. आमच्याकडची रीत अशी, की मांडवाच्या दारात बँड थांबतो. नवरीच्या बापानं बँडमास्तरला शेला-नारळाचा मान द्यायचा. तोवर एक सूर निघत नाही आणि नवरदेव पाऊल टाकत नाही. मास्तर शेला-नारळ घेऊन पुढं झाले. शिवाजीनं बाजा शेजारच्या वाजंत्र्याकडे दिला आणि हात पाठीमागं बांधले.

"मान मास्तरचा असतो. मी कसा घेऊ?"

"आरं, आज तूच मास्तर."

"शिष्यानं मान घेतला तर बँड मोडतो. तुम्हीच सांगितल्यालं."

ढोलवाल्यानं मान डोलावली. ट्रंपेटवाला आभाळाकडं बघत बसला. मास्तर शेला हातात घेऊन उभे. स्वतःच्या खांद्यावर स्वतः शेला कसा टाकणार? वैशाखाचं ऊन, नवरदेव सुटात शिजत होता. आणि खिडकीत प्रभावती तोंडाला पदर लावून हसत होती, तेव्हा ही अक्कल कुणाची ते आम्हाला कळलं.

सगळे अप्पारावांकडे बघू लागले. कांताबाई हळूच म्हणाली, "पाव्हणं, बाजातली पत्ती तुमच्याच गोदावरीच्या बोरूची हाय."

अप्पारावांनी एकदा बाजाकडं बघितलं. मग पुढं आले, मास्तरांच्या हातातला शेला घेऊन त्यांच्याच खांद्यावर टाकला आणि नारळ त्यांच्या ओंजळीत दिला.

"माझ्या बापानं हलगी सोडली ती हुकमापायी," ते म्हणाले. "अन मी तुम्हाला न वाजवायचा हुकूम केला. घ्या मास्तर. मनानं वाजवा."

कांताबाईनं कमरेचा पट्टा काढून मास्तरांच्या गळ्यात घातला, शिवाजीनं त्याला बाजा अडकवला. मास्तरांनी फुंक मारली आणि सगळ्या गल्लीला चेव चढला! अप्पाराव एक हात वर करून, बसमधल्या घंटीची दोरी ओढल्यासारखे नाचले. त्यांची भावकीही नाचली.

वंदना झाली, लग्न लागलं, जेवणं झाली. उन्हं कलताना जीप दारात लागली आणि मास्तरांनी प्रभाचं गाणं सुरू केलं. ते जालन्याच्या गोदामात जाऊन आलं, पीटर मास्तरांच्या खोलीत जाऊन बसलं, बाजारतळावर रेंगाळलं. घराच्या कोपऱ्यापर्यंत यायचं आणि पुन्हा वळायचं. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, तर अप्पारावांनीच त्याला दटावलं.

"थांब रे. घाई कुनाला हाय?"

आम्ही सगळे रडत होतो, हसतही होतो. शेवटी प्रभावतीनं जीपमधून डोकं बाहेर काढलं. डोळे पुसले.

"आबा, आना आता घरी."

मास्तरांनी डोळे मिटले आणि गाणं घरी आणलं. शेवटचा सूर संपला तेव्हा जीप वळणाच्या पलीकडं गेली होती. त्यांनी पट्टा काढून कांताबाईच्या हातात दिला.

"च्या टाकू का?" तिनं विचारलं.

"टाक," मास्तर म्हणाले. "आता घरीच पिऊ."