एका शेडमध्ये दोन गाड्या

आत्याच्या घराखालच्या शेडमध्ये एकच गाडी मावत होती, म्हणून निवड करणं भाग होतं.

आत्या निवृत्त नकाशाकार. तिची लाल, दोन माणसांची स्पोर्ट्स कार भाच्यापेक्षा वयानं मोठी. पण स्टिअरिंग इतकं जड की आत्याचा उजवा खांदा धरला होता आणि डॉक्टरांनी ती गाडी चालवायला सक्त मनाई केली होती. भाच्याकडे जुळी येणार असल्यानं त्याची दोन दारांची नवी कूपे गाडी घरात अडचणीची झाली होती. ती आत्यानं घ्यावी आणि लाल गाडी विकून टाकावी, असं त्यानं सुचवलं. संध्याकाळी गिऱ्हाईक यायचं होतं. त्याआधी दोन्ही गाड्या एकाच रस्त्यानं फिरवून बघायच्या ठरल्या.

पहिला नंबर लाल गाडीचा. डॉक्टरांना न जुमानता आत्याच स्टिअरिंगवर बसली. चोक ओढला तरी ती नुसती खोकली. भाचा खाली उतरला, धक्का मारला आणि चालत्या गाडीत उडी टाकून बसला. हे तो शाळेत असल्यापासून करत आला होता. वाऱ्यानं दोघांचे केस उभे राहिले. वळणावर आत्यानं दात आवळले, पण खांद्याचं नाव काढलं नाही.

मग कूपे. आत्यानं प्रामाणिकपणे कबूल केलं की हिच्यापुढे आपली गाडी म्हणजे बैलगाडी. स्टिअरिंग एका बोटानं फिरत होतं. सीट पाठीला ऊब देत होती. भाचा एकेक बटण दाखवत खुलत गेला.

चौकात सिग्नल लागला. आत्यानं ब्रेक दाबला आणि इंजिन बंद पडलं. पेट्रोल वाचवायला ते आपोआप बंद होतं, हे भाच्याला पक्कं ठाऊक होतं.

"बंद पडली. उतर," आत्या म्हणाली.

इतक्या वर्षांच्या सवयीनं भाचा उतरला, मागे गेला आणि स्वतःच्या नव्याकोऱ्या गाडीला दोन्ही हात लावून उभा राहिला. हिरवा दिवा लागला. धक्का मारता यावा म्हणून आत्यानं ब्रेक सोडला. इंजिन आपसूक सुरू झालं आणि कूपे आवाजही न करता निघून गेली. भाचा रस्त्याच्या मधोमध ओणवा. मागच्या बसचा ड्रायव्हर हॉर्न विसरून हसत होता.

आत्या पुढच्या वळणावर गाडी लावून थांबली होती. भाचा धापा टाकत येऊन बसला. मग दोघं इतकी हसली की काचांवर वाफ धरली.

"चांगली आहे रे," शेवटी डोळे पुसत आत्या म्हणाली. "माझ्याहून शहाणी आहे. पण तू मागे राहिलास आणि मला पत्ताही लागला नाही. लाल विकायची नाही."

"आणि खांदा?"

"आता तू चालव. मी शेजारी बसून शिव्या देईन."

"आणि बंद पडली तर?"

"तर तू उतर. मी सरकून स्टिअरिंग धरते. धक्क्यापुरती डॉक्टर परवानगी देतील."

रविवारी जमेल, असं भाच्यानं कबूल केलं. बाकीच्या दिवशी बसनं जाईन, आत्यानं सांगून टाकलं. मग त्यानं गिऱ्हाइकाला फोन लावला आणि लाल गाडीऐवजी एक नवी, फार गुणी कूपे बघायला येता का, असं विचारलं.