माझी म्हण, आबा

माझं डोकं लवकर तापतं, हे सगळ्या औरंगपुऱ्याला ठाऊक हाय. त्या डोक्यापायीच हे सगळं झालं, म्हणून मीच सांगतो.

दुकान माझं सहा फुटी. मोबाईल दुरुस्ती, रिचार्ज, आन मेमरी कार्डात गाणी भरून देणं. गिऱ्हाईकानं कार्ड दिलं की कंप्युटरला लावायचं, वीस रुपयांत दोनशे गाणी. आता ती गाणी मी काय मुंबईला जाऊन विकत आणली नव्हती. अख्खी गल्ली तेच करत होती. ज्या जमादारानं माझ्यावर धाड टाकली, त्याच्या मोबाईलमधली भजनं मीच भरून दिलेली. वर चहा पाजला होता ते निराळं.

धाड पडली ती सोळा सालच्या एप्रिलात, भर दुपारी. जमादार, दोन शिपाई, आन इस्त्रीच्या शर्टातला एक कंपनीचा माणूस. म्हणलं, "साहेब, कोणत्या पिक्चरच्या गाण्याची तक्रार हाय?"

"पिक्चरची नाही," इस्त्रीवाला म्हणाला. "मुंजाबाची ओवी. ती आमच्या कंपनीची आहे."

मला आधी हसूच आलं. मुंजाबा म्हणजे माझा सख्खा बाप.

आम्ही पाचोडकडचे धनगर. आबानं उभी हयात मेंढरं राखली आन देवापुढं ढोलावर ओव्या म्हणल्या. मग पाऊस सलग रुसला, चारा गेला, पाणी गेलं, आन आबानं मेंढरं विकून टाकली. मी त्याला शहरात घेऊन आलो. यायच्या दिवशी मेंढरं बसायची त्या रिकाम्या जागेवर त्यानं ढोल मांडला आन ओवी म्हणली. सव्वा तास म्हणली. माणूस एकटाच, ऐकायला एक मी. ती मी मोबाईलवर घेतली. शहरात आल्यापास्नं त्यानं ओवीसाठी पुन्हा तोंड उघडलं नाय. ढोल खुंटीला आन म्हातारा खाटेला.

ती ओवी मी नेटवर टाकली, दुकानातल्या कंप्युटरवर ठेवली. पार सिल्लोडकडनं लोक यायचे, "ती म्हाताऱ्याची ओवी टाक रे" म्हणायचे. त्या ओवीचे मी कधी पैसे घेतले नाय, देवाशपथ.

कंपनीचं म्हणणं असं. वीस वर्षांमागं जत्रेत त्यांनी आबाकडनं हीच ओवी म्हणवून घेतली आन कॅसेट काढली. आबाला फेटा बांधला, नारळ दिला, एका कागदावर अंगठा घेतला. आमच्याकडं जत्रेत मान घेतला की मानकऱ्यांच्या यादीवर अंगठा द्यायचा, ही रीतच हाय. आबाला वाटलं, ही तीच यादी. त्या कागदावर लिहिलं होतं की ओवी मुंजाबानं स्वतः रचली आन कायमची कंपनीला दिली.

त्यांनी नेटवरनं ओवी काढून टाकायला लावली. कंप्युटर नेला, माझा मोबाईल नेला, दुकानाला सील ठोकलं. जामीन मिळाला, पण गुन्हा राहिला. तीन वर्षांपर्यंत आत घालता येतं म्हणं. बापाची ओवी वाजवली म्हणून! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मग जमादाराचा निरोप आला, गुरुवारी अकराला म्हाताऱ्याला जबाबाला आण. माझ्या तापल्या डोक्यानं लगेच हिशेब मांडला. गळा आबाचा, ओवी आबाची, पोरगा आबाचा. आबानं साहेबासमोर एकदा 'माझी हाय' म्हणलं की कंपनीचं तोंड बंद. वकिलाला विचारायची सुद्धा मला गरज वाटली नाय.

आबाला सांगितलं तर तो मान हलवून म्हणाला, "तसं म्हणता येत नाय."

"का नाय म्हणता येत?"

"गुरूनं कपाळी भंडारा लावला तवा शपथ घातली, राम्या. ओवी देवाची. तिला माझी म्हणायचं नाय. म्हणलं, तर परत ढोलाला हात लावायचा नाय."

"आबा, एक शब्द हाय. कोण बघतंय?"

"ज्याची हाय तो बघतोय की."

तीन दिवस मी त्याला सोडलं नाय. जेवताना तेच, पाणी भरताना तेच. "माझी म्हण, आबा. नुसतं माझी म्हण." माझी बायको अक्षदा म्हणाली, "अवो, किती छळता म्हाताऱ्याला?" मी तिच्यावरही खेकसलो. बुधवारी तर मी पार सुटलोच. म्हणलं, "तुझा देव येणार हाय का जेलात माझा डबा घेऊन? पोरगा पायजे का ढोल पायजे, एकदा सांगून टाक!"

आबा भिंतीकडं तोंड करून बसला. मला वाटलं, आपण जिंकलो. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावी वाटतं.

गुरुवारी त्यानं फेटा बांधला. मी त्याला ठाण्यातल्या बाकावर बसवलं. जमादार म्हणाला, साहेब बाहेर गेलेत, तास लागंल. तेवढ्यात कोर्टात जाऊन कंपनीच्या कागदाची नक्कल वकिलाला देऊन येऊ म्हणलं. "मी येतो तवर बसून राहा," आबाला बजावलं आन निघालो.

बद्रीनाथ वकील आमच्याच भागातले, शेतकऱ्याच्या घरचे, शांत माणूस. त्यांनी कंपनीचा कागद दोनदा वाचला आन चष्मा काढून हसले.

"रामहरी, काही घाबरू नकोस. अरे, ओवी पिढ्यान्‌पिढ्यांची, ती कुणाच्या मालकीची नसतेच. कंपनीची फक्त तिची कॅसेट. तू कॅसेट वाजवलीच नाहीस, तू तर स्वतः रेकॉर्ड केलेली वाजवलीस. आबांनी जबाबात एवढंच सांगायचं, ओवी माझी नाही, देवाची आहे, माझ्या आज्याच्या आधीपासूनची. केस तिथंच मेली."

मी विचारलं, "आन माझी हाय म्हणलं तर?"

"तर या कागदाप्रमाणे ती त्यांनी कंपनीला देऊन टाकलीय. मग तू चोर. कंप्युटर-मोबाईलमधली ओवी चोरीचा माल, कंपनीच्या हाती जाईल आणि ते पुसून टाकतील. पण आबा कशाला तसं म्हणतील? जुनी माणसं देवाचीच म्हणतात."

आरं देवा! माझा म्हातारा आपसूक जे बोलला असता, तेच मला सोडवणारं होतं. आन मी तीन दिवस त्याच्या उरावर बसून ते त्याच्या तोंडातनं काढून टाकलं होतं.

वकिलांच्याच फोनवरनं जमादाराला लावला. उचलीना. मोबाईलचं दुकान माझं, आन बापाला मोबाईल नाय. धावत रिक्षा धरली. पुढं गल्लीत पाण्याचा टँकर आडवा लागलेला, चारी बाजूंनी हंडे, बादल्या, पाइपा आन बायांची भांडणं. रिक्षा ना पुढं जाईना ना मागं. रिक्षावाला म्हणाला, "भाई, आठ दिन बाद आया पानी, अब कोई नहीं हटता." उतरून घागरींमधनं वाट काढली, एक बादली लवंडली, बाई शिव्या घालत मागं लागली. तिचं पाणी सांडलं, तिच्या जागी मी असतो तर दगड मारला असता.

ठाण्यात पोचलो तर आबा त्याच बाकावर बसलेला. अंगठ्याला शाई. मला बघून हसला. मेंढरं विकल्यापास्नं मी त्याला हसताना बघितला नव्हता.

"म्हणलं, राम्या."

"काय म्हणलं, आबा?"

"माझी हाय म्हणलं. मीच बांधली, माझ्या डोक्यातनं. तीनदा विचारलं, तीनदा सांगितलं. तो इस्त्रीवाला लई भला माणूस. मला पाणी आणून दिलं, कागद वाचून दाखवला, म्हणाला, तुमचीच ना बाबा? म्हणलं व्हय, माझीच. अंगठा दिला."

इस्त्रीवाला फाईल काखेत घालून बाहेर चालला होता. त्यानं आबाला वाकून नमस्कार केला. मी त्याच्या अंगावर जाणार होतो, पण आबानं माझा हात धरून ठेवला होता.

"आता सुटला ना तू?"

खरं सांगावं, तर ज्याच्यासाठी त्यानं देव तोडला तेच बुडालं, हे त्याला कळणार. आन मग त्याच्याजवळ काय उरणार? जन्मात पहिल्यांदा डोकं थंड ठेवून बोललो.

"व्हय आबा. सुटलो."

"बरं झालं." त्यानं अंगठा धोतराला पुसला, शाई गेली नाय. "मग रविवारी पाचोडला चल. ढोल देवळात ठेवून येऊ. आता त्याला हात लावायचा नाय मला."

रविवारी यष्टीत ढोल माझ्या मांडीवर होता. आबा खिडकीतनं बघत होता. जिथं मेंढरं चारली तिथं प्लॉटिंगचे दगड रोवलेले, त्यावर नंबर टाकलेले. मग माझ्याकडं वळला.

"राम्या, तुझा कंप्युटर परत आला का, ती ओवी एकदा लाव बरं. म्हणायची नाय मला. पण ऐकायला तर चालंल की."

मी ढोल घट्ट धरला.

"लावतो, आबा," म्हणलं.